वैमानिकाला न सांगितलेला इंटरलॉक

अहमदाबादच्या एअर इंडिया विमानाच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ ला आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले, असं त्यात होतं. त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, "इंधनाचे स्विच काय आपोआप खाली पडतात? वैमानिकानेच केलं असणार." दुसरा म्हणाला, "बोईंग आहे ते. त्यांच्या कॉम्प्युटरने याआधी काय केलंय ते सगळ्या जगाला माहीत आहे." दोन्हीकडची माणसं चांगली शिकलेली, जबाबदारीने वागणारी. त्यांतल्या एका गृहस्थांची मुलगी कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबई-बंगळुरू विमानाने करते. त्यांच्या आवाजातला राग खरं तर भीतीचा होता, आणि ती भीती रास्त आहे. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसं त्या दुपारी गेली. विमान चालवणारे आणि त्यात सेवा देणारे बरेच जण आपल्याच मुंबई-ठाणे-रायगडचे होते. पण तो वाद तेव्हापासून जसा चालला आहे, टीव्हीवर, लोकलमध्ये, घराघरांत, तो मला पटत नाही. माणूस चुकला की यंत्र, असा सामना लावून आपण ज्यांना खरा जाब विचारायला हवा त्यांना प्रेक्षकांत बसवून ठेवलं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आजच्या प्रवासी विमानात माणूस आणि यंत्र हे दोन वेगळे आरोपी नसतात. यंत्राच्या हातात किती अधिकार द्यायचा, त्याने तो कशाच्या भरवशावर वापरायचा आणि ते वापरत असताना विमान चालवणाऱ्याला काय दिसायचं, हे सगळं विमान उडण्याच्या कितीतरी वर्षं आधी, जमिनीवर, पगारी माणसांनी ठरवलेलं असतं. म्हणून अपघातानंतर पहिला प्रश्न असा हवा: यंत्र असं वागू शकतं हे बनवणाऱ्याला माहीत होतं का, आणि असेल तर ते वैमानिकाला सांगितलं होतं का? अहमदाबादबद्दल या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही. प्राथमिक अहवाल म्हणजे निकाल नव्हे, आणि तपास व्हायच्या आत मेलेल्या माणसावर किंवा कंपनीवर आरोप ठेवणं मला पाप वाटतं. पण ज्या प्रकरणात तपास पूर्ण झाला, कागद बाहेर आले, त्याकडे पाहिलं तर हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळतं. ते प्रकरण म्हणजे बोईंग ७३७ मॅक्स.

त्याआधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण मी हा विषय तिथूनच बघतो. मी तीस वर्षं रसायनी पट्ट्यातल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. आमच्या बॉयलरच्या ड्रमवर पाण्याची पातळी सांगणारे तीन ट्रान्समीटर होते. पातळी फार खाली गेली की बॉयलर आपोआप ट्रिप व्हायचा, म्हणजे बंद पडायचा. पण एकट्या ट्रान्समीटरच्या सांगण्यावरून कधीच नाही. तिघांपैकी दोघांनी सांगितलं तरच. एका पावसाळ्यात रात्रपाळीला एका ट्रान्समीटरची लाइन चोकअप झाली आणि तो पातळी घसरत चालल्याचं दाखवू लागला. बाकीचे दोघे तसं म्हणत नव्हते. पॅनेलवर लगेच दिवा लागला, ऑपरेटरने मला फोन केला. मी टॉर्च घेऊन वर गेलो, गेज ग्लासवर उजेड टाकला, तर पाणी अर्ध्यावर स्थिर उभं. लाइन मोकळी केली, दिवा गेला, लॉगबुकात चार ओळी लिहून सही केली. बॉयलर एक क्षणही थांबला नाही. यात कुणाचंही शौर्य नव्हतं. एक इन्स्ट्रुमेंट कधी ना कधी खोटं बोलणारच, हे आराखडा करणाऱ्याने गृहीत धरलं होतं. ते खोटं बोलतंय हे ऑपरेटरला दिसेल अशी सोय केली होती. आणि कोणता इंटरलॉक, म्हणजे ठरलेली स्थिती आली की यंत्राने आपोआप कृती करण्याची सोय, कशावर चालतो याचा तक्ता पॅनेलशेजारी भिंतीवर लावलेला होता. भिंतीवर नसलेला इंटरलॉक आमच्याकडे कुणी बसवला असता तर त्याची नोकरी गेली असती.

आता मॅक्सकडे या. ७३७ हे १९६७ साली पहिल्यांदा उडालेलं विमान, जमिनीला फार लगटून असलेलं. २०१० च्या अखेरीस एअरबसने आपल्या ए-३२० ला इंधन वाचवणारी मोठी इंजिनं लावायचं ठरवलं तेव्हा बोईंगलाही तसंच करणं भाग पडलं. पण मोठं इंजिन ७३७ च्या पंखाखाली मावेना, म्हणून ते पुढे आणि थोडं वर सरकवलं. त्यामुळे काही विशिष्ट स्थितींत विमानाचं नाक जुन्या ७३७ पेक्षा जास्त सहज वर जाऊ लागलं. त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर आलं, एमकॅस. नाक फार वर गेलंय असं वाटलं की ते शेपटीचा आडवा पंख स्वतःच फिरवून नाक खाली आणायचं. मूळ कल्पनेत ते एका वेळी ०.६ अंश फिरवणार होतं. चाचण्यांनंतर तो आकडा २.५ अंशांवर नेला, म्हणजे चौपटीहून जास्त. वैमानिकाने हाताने दुरुस्त केलं तर पाच सेकंद थांबून ते पुन्हा चालू व्हायचं. किती वेळा, याला मर्यादाच नव्हती.

आणि हे सगळं कशाच्या भरवशावर? विमानाच्या नाकाजवळ बाहेरच्या बाजूला हाताच्या पंजाएवढं एक पातं असतं. वाऱ्यावर फिरून ते हवा कोणत्या कोनातून येतेय ते सांगतं. अशी दोन पाती असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. एमकॅस एका उड्डाणात त्यांतल्या एकाचंच ऐकायचं. दुसरं पातं तिथेच, काही हातांवर, बरोबर कोन सांगत असायचं आणि त्याला कुणी विचारायचं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. जी चूक आम्ही वाफेच्या भांड्यावर होऊ देत नव्हतो, ती पावणेदोनशे माणसं बसणाऱ्या विमानात मंजूर होऊन बाहेर पडली होती.

२९ ऑक्टोबर २०१८ च्या सकाळी लायन एअरचं मॅक्स जकार्ताहून निघालं. त्याचं डावं पातं आदल्याच दिवशी बदललेलं होतं आणि बसवलेलं पातं २१ अंशांनी चुकीचं दाखवत होतं. विमानाचं सारथ्य दिल्लीच्या एका तरुण भारतीय कॅप्टनकडे होतं. चाकं सुटल्यापासून त्याच्या समोरचा दांडा थडथडत होता, म्हणजे विमान कोसळायच्या बेतात असल्याचा खोटा इशारा देत होता. मग एमकॅसने नाक खाली दाबायला सुरुवात केली. कॅप्टनने वर घेतलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. वीसहून जास्त वेळा. शेपटीचा आडवा पंख फिरवून नाक वर-खाली करण्याच्या सोयीला ट्रिम म्हणतात. वैमानिकाच्या गुडघ्याशेजारी ट्रिमचं एक काळं चाक असतं, त्यावर पांढरा पट्टा असतो, आणि शेपूट फिरते तेव्हा ते खडखडत फिरतं. ते चाक त्या सकाळी आपणहून फिरत राहिलं आणि ते कोण फिरवतंय हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. शेवटी कॅप्टनने विमान सहकाऱ्याच्या हाती दिलं. सहकाऱ्याचे हात तेवढ्या जोराने ट्रिम करत राहिले नाहीत आणि विमान जावाच्या समुद्रात गेलं. १८९ माणसं. वैमानिकांच्या पुस्तिकेत एमकॅस या यंत्रणेचं वर्णन नव्हतं. ते नाव जगभरच्या वैमानिकांना कळलं ते या अपघातानंतर, नोव्हेंबरात.

यावर दुसऱ्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. आदल्या रात्री हेच विमान याच बिघाडासह बालीतल्या देनपसारहून जकार्ताला सुखरूप आलं होतं. कॉकपिटमध्ये त्या रात्री एक तिसरा वैमानिक जादा बसलेला होता. ट्रिमचे स्विच तोडून चाक हाताने फिरवत त्यांनी विमान आणलं. ट्रिम बेभान झाली तर स्विच तोडा, हा नियम ७३७ च्या वैमानिकांना जुन्या काळापासून पाठ असतो. मग पहिल्यांना जमलं ते दुसऱ्यांना का जमू नये? शिवाय त्या रात्रीच्या वैमानिकांनी लॉगमध्ये वेग आणि उंचीच्या गोंधळाचं लिहिलं, पण दांडा थडथडत होता आणि ट्रिम तोडावी लागली हे लिहिलंच नाही. दुरुस्ती खात्याने बदलून बसवलेलं पातं नीट तपासून घेतलं नाही. इंडोनेशियाच्या तपास समितीने नऊ कारणं दिली आणि त्यात विमान कंपनीच्या आणि माणसांच्या चुका स्पष्ट आहेत. लॉगबुकात न लिहिलेली ती एक ओळ मला आजही अस्वस्थ करते, कारण तशा ओळी लिहिण्यातच माझं आयुष्य गेलं.

पण या मुद्द्यातून निघतं काय? कॉकपिटमध्ये तिसरा माणूस असेल, त्याचे हात मोकळे असतील, तर विमान वाचतं. ही मॅक्सच्या बाजूची साक्ष कशी होईल? आणि जुना नियम पाठ असण्याचं म्हणाल, तर तो नियम ज्या बिघाडासाठी लिहिला होता त्यात ट्रिमचं चाक सलग फिरत राहतं. एमकॅस दहाएक सेकंद फिरवायचं, थांबायचं, वैमानिकाने सुधारलं की पुन्हा यायचं. डोक्यावर खोटे इशारे, दोन बाजूंच्या घड्याळांत वेगवेगळे आकडे, हातात थडथडणारा दांडा. या गदारोळात तुम्ही कधी न ऐकलेल्या यंत्रणेचं निदान काही सेकंदांत करा, असं म्हणणारा माणूस कधी पॅनेलवर बसलेला नसतो. हडसन नदीत विमान सुखरूप उतरवणारे कॅप्टन सलेनबर्गर यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, हे उड्डाण करून पाहिलं. काय होणार आहे ते आधीच माहीत असूनही वैमानिकांचा वेळ आणि उंची कशी संपली असेल ते आपल्याला समजलं, असं त्यांनी २०१९ साली अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं. विकसनशील देशांतले वैमानिक कच्चे, असं कुजबुजणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं व्हायला हवं होतं.

ते पुरेसं नसेल तर १० मार्च २०१९ ची सकाळ आहे. अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या मॅक्सवर डाव्या पात्याने अचानक ७४.५ अंश दाखवले. उजवं पातं त्याच वेळी १५ च्या आसपास दाखवत होतं. ७४ अंशांच्या कोनात कोणतंही प्रवासी विमान उडत नसतं, हे सॉफ्टवेअरला न कळावं? या वैमानिकांना एमकॅस ठाऊक होतं. लायन एअरनंतर आलेली सूचना त्यांच्या कंपनीने वैमानिकांना दिली होती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रिमचे स्विच तोडले. पण तोपर्यंत नाक इतकं दाबलं गेलं होतं आणि वेग इतका वाढला होता की हाताचं चाक हलेना. इंजिनाचा जोर त्यांनी कमी केला नाही ही चूक खरी आहे, आणि ती नोंदवली गेली आहे. शेवटी नाइलाजाने त्यांनी ट्रिमची वीज पुन्हा जोडली, एमकॅस पुन्हा आलं आणि १५७ माणसं सहा मिनिटांच्या उड्डाणानंतर शेतात गाडली गेली. नियम पाळूनही विमान हाती लागत नाही, तेव्हा नियम लिहिणाऱ्याकडे बोट जायला नको का?

हे लपवलं का गेलं, याचं उत्तर दुर्दैवाने फार साधं आहे. बोईंगने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की जुनं ७३७ चालवणाऱ्याला मॅक्ससाठी सिम्युलेटरचं प्रशिक्षण लागणार नाही, टॅबलेटवरचा छोटा अभ्यासक्रम पुरेल. साउथवेस्ट या अमेरिकी कंपनीशी तर करार होता: सिम्युलेटर लागलाच तर विमानामागे दहा लाख डॉलरची सूट. पुस्तिकेत एमकॅस ठळकपणे आलं असतं तर नियामकांनी सिम्युलेटर मागितला असता. म्हणजे वैमानिकाचं अज्ञान हा विक्रीच्या अटीतला भाग होऊन बसला. दोन पात्यांत तफावत पडली तर लागणारा इशारा मॅक्सवर असायला हवा होता, पण जादा पैसे देऊन दुसरं एक उपकरण घेतलेल्या विमानांवरच तो चालत होता. बोईंगला हे २०१७ मध्ये कळलं होतं. लायन एअरने सिम्युलेटर प्रशिक्षणाची चौकशी केली होती, तेव्हा तिला त्यापासून परावृत्त केलं गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय खात्याशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. त्या तडजोडीत दोष कुणाचा दाखवला? दोन तांत्रिक वैमानिकांचा. त्यांतल्या एकावर खटला झाला आणि ज्युरीने २०२२ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. वरून ठरलेल्या गोष्टीचा दोष खालच्या दोघांच्या गळ्यात घालायची ही सवय उड्डाणाच्या इतिहासात जुनी आहे.

जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान कॉमेट. ऑक्टोबर १९५२ मध्ये ते रोमला उड्डाण घेताना धावपट्टीबाहेर गेलं. दोष कॅप्टनचा, नाक जास्त उचललं. मार्च १९५३ मध्ये कराचीला तसंच झालं, ११ जण मेले, पुन्हा वैमानिकाची चूक. त्यानंतर बनवणाऱ्यांनी पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलला. नाक जरा जास्त उचललं की विमान वर उठतच नव्हतं, हा पंखाचा दोष होता. पण दोन कॅप्टनांच्या नावावर लागलेला डाग पंखाबरोबर बदलला नाही. किंवा डीसी-१० हे विमान घ्या. जून १९७२ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून निघाल्यावर त्याचं सामानाचं दार कॅनडाच्या हद्दीत हवेत उडालं, सगळे वाचले. सक्तीचा आदेश काढण्याऐवजी नियामक आणि कंपनीच्या प्रमुखांनी आपसात शब्द देऊन प्रकरण मिटवलं. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ तुर्की एअरलाइन्सच्या डीसी-१० चं तेच दार उडालं आणि ३४६ माणसं गेली. सुरुवातीला बोट कुणाकडे गेलं? ज्याने ते दार लावलं त्या विमानतळावरच्या कामगाराकडे. दारावरच्या सूचना ज्या भाषांत होत्या त्या त्याला वाचता येत नव्हत्या.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२० बंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानात आदळलं. ९२ मृत्यू. उतरताना इंजिनं मंद ठेवणारा मोड लागलेला होता आणि तो चुकीचा मोड आहे हे वैमानिकांना वेळेवर उमगलं नाही. चौकशीने दोष वैमानिकांना दिला आणि त्यांचं दुर्लक्ष झालं यात मला शंका नाही. पण दोन वर्षांनी, जानेवारी १९९२ मध्ये, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ त्याच जातीचं विमान डोंगरावर गेलं, ८७ मृत्यू. तिथे तपासातली सर्वांत संभाव्य शक्यता अशी होती: वैमानिकांना ३.३ अंशांनी उतरायचं होतं, यंत्र मिनिटाला ३३०० फुटांनी उतरत होतं. बटण एकच, खिडकी एकच. एका मोडमध्ये तिथे ३.३ दिसायचं, दुसऱ्यात ३३. मधल्या एका टिंबावर एवढी माणसं अवलंबून होती. नंतर ते आकडे दाखवायची पद्धत बदलली गेली. फ्रान्समधल्या वैमानिकांनाही मोड कळला नाही, तेव्हा बंगळुरूच्या दोघांबद्दल आपण पुन्हा विचार केला का? मला तरी तसं कुठे दिसलं नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी बोलतो, कारण त्यांच्याशीही माझं जमत नाही. "कॉम्प्युटर काढून टाका, विमान माणसाच्या हातात द्या," असं ते म्हणतात. त्यांच्याकडेही भक्कम दाखले आहेत. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलटने हात वर केले आणि यंत्रावर विसंबायची सवय झालेल्या वैमानिकांना विमान सांभाळता आलं नाही. २२८ जण गेले. यंत्राने माणसाचा हात बोथट केला, हा आरोप मी पूर्ण मान्य करतो. पण मुंबईकरांनी १ जानेवारी १९७८ ची रात्रही आठवावी. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं, २१३ माणसं. तेव्हा विमानाला आपल्या मनाने नाक दाबणारं सॉफ्टवेअर नव्हतं. विमान कलल्याचं दाखवणारं कॅप्टनचं एक इन्स्ट्रुमेंट अडकलं, काळोखात त्याने त्यावर विश्वास ठेवला. शेजारी बरोबर दाखवणारी इन्स्ट्रुमेंटं होती. म्हणजे एकाच काट्यावर विसंबणं ही चूक माणूसही करतो, एमकॅसही करतं. आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं एकमेकांवर आदळून ३४९ माणसं मेली, ती टक्कर टाळायला शेवटी काय आणलं आपण? दोन विमानांनी एकमेकांना ओळखून वैमानिकाला "वर जा, खाली जा" सांगणारं यंत्रच. ते आज तुमच्या माझ्या प्रत्येक उड्डाणात असतं. ते काढून टाकायचं का?

यंत्रात दोष दिसला की बनवणाऱ्याने तो मोठ्याने सांगणं, एवढं शक्य आहे का? आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेक्सिकोहून अमेरिकेला येणाऱ्या एका ए-३२० ने अचानक नाक खाली टाकलं, काही प्रवासी जखमी झाले. सूर्याच्या तीव्र किरणोत्सर्गाने नियंत्रणाच्या कॉम्प्युटरमधली माहिती बिघडू शकते, असं एअरबसला आढळलं. महिन्याभरात, २८ नोव्हेंबरला, एअरबसने स्वतःहून सांगितलं: सुमारे ६००० विमानांचं सॉफ्टवेअर बदला, पुढच्या उड्डाणाआधी. आपल्याकडे त्या शनिवार-रविवारी विमानं उशिरा सुटली, लोक वैतागले. त्या उशिराबद्दल मला कुणाचाही राग आला नाही. आता याची तुलना करा. पहिल्या मॅक्स अपघातानंतर अमेरिकेच्या एफएए या नियामकाने हिशोब केला की काहीच बदललं नाही तर या विमानांच्या आयुष्यात आणखी पंधरा भीषण अपघात होऊ शकतात. डिसेंबर २०१८ मधला हा हिशोब. तरी विमानं उडत राहिली आणि तो कागद वर्षभराने बाहेर आला. इथिओपियानंतर पहिल्यांदा विमानं जमिनीवर बसवली चीनने, ११ मार्चला. भारतासह इतर देशांनीही बसवली, आणि अमेरिका १३ मार्चला तयार झाली. ज्या नियामकाने विमान तपासण्याचं बरंचसं काम बोईंगच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवलं होतं, तो उशिराच जागा होणार हे उघड होतं.

म्हणून मला आपल्या घराची काळजी वाटते. आपल्याकडे अपघाताचा तपास करणारा विभाग, एएआयबी, २०१२ मध्ये स्वतंत्र म्हणून उभा केला. पण तो विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, आणि ज्याच्या देखरेखीची तपासात झडती व्हायला हवी तो आपला विमान वाहतूक नियामक, डीजीसीए, त्याच मंत्रालयाखाली. वरिष्ठ एकच असलेल्या दोन भावांपैकी एकाने दुसऱ्याची चूक उघड लिहावी, ही अपेक्षा किती खरी आहे? डीजीसीएने चांगलं काम केल्याचंही सांगतो: एप्रिल २०२२ मध्ये त्याने एका कंपनीच्या ९० वैमानिकांना मॅक्स चालवण्यापासून रोखलं, कारण ज्या सिम्युलेटरवर त्यांचं प्रशिक्षण झालं त्यातली दांडा थडथडवणारी यंत्रणाच चालत नव्हती. जो इशारा लायन एअरच्या कॅप्टनला जमिनीपासून समुद्रापर्यंत छळत होता, तोच या वैमानिकांना सरावात मिळाला नव्हता. हे पकडणारा निरीक्षक कोण होता ते मला माहीत असतं तर मी त्याला पत्र लिहिलं असतं. असे निरीक्षक हवेत, जास्त हवेत, आणि त्यांच्या सहीवर वरून दबाव येणार नाही अशी तपास यंत्रणा संसदेला थेट उत्तर देणारी हवी.

अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात दोन वैमानिकांच्या संभाषणाचा सारांश एका वाक्यात दिला: एकाने विचारलं इंधन का तोडलंस, दुसरा म्हणाला मी नाही तोडलं. कोण कुणाला म्हणालं ते लिहिलं नाही, शब्दशः संभाषण दिलं नाही. अर्धवट वाक्य बाहेर सोडलं की उरलेलं लोक आपल्या मनाने भरतात, आणि परदेशी वृत्तपत्रांपासून आमच्या कट्ट्यापर्यंत सगळ्यांनी ते भरलं. त्या विमानाच्या मृत कॅप्टनच्या वृद्ध बापाला मुलाच्या नावासाठी सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली. कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वैमानिकाला कुणी दोष देऊ शकत नाही, तेव्हा मला त्या बापासाठी बरं वाटलं. पण कोर्टाचा दिलासा ही तपासाची जागा घेऊ शकत नाही. अंतिम अहवालात मला स्विचची, ते चुकून हलू नयेत म्हणून असलेल्या त्यांच्या कुलपाची, त्या विमानाच्या संपूर्ण देखभालीची आणि इंजिनाच्या नियंत्रकाने टिपलेल्या प्रत्येक सेकंदाची माहिती हवी आहे, आणि ती वाचून निष्कर्ष माणसाच्या विरुद्ध गेला तरी मी तो मान्य करीन.

परवा ते मुलीचे वडील मला जिन्यात भेटले. म्हणाले, "तिचं बंगळुरूचं तिकीट मॅक्सचं निघालंय. जाऊ देऊ का?" मी म्हटलं, जाऊ द्या. एमकॅस आता दोन्ही पात्यांचं ऐकतं, त्यांच्यात साडेपाच अंशांहून जास्त फरक पडला तर गप्प बसतं. एका प्रसंगात एकदाच चालतं, आणि वैमानिक ओढून धरू शकेल त्याहून जास्त दाबत नाही. प्रत्येक वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये ते आधी दाखवलं जातं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "हे एवढं सगळं त्यांना पहिल्या दिवशीच करता आलं असतं ना?" पिशव्या खाली ठेवून मी त्यांना विमानामागे दहा लाख डॉलरच्या त्या सवलतीचं सांगायला लागलो.